रानटी वर्मवुड: रसायनं, औषधी गुण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवण्याच्या गणातल्या एका रानटी तणाने गेल्या पन्नास वर्षांत मलेरियाचा उपचार पार बदलून टाकला. त्याच तणाच्या नावावर कर्करोगापासून कोविडपर्यंत वाटेल ते खपवलंही जातं. या दोन्हींच्या मधलं जे खरं आहे ते इथे प्रश्नोत्तरांतून मांडलं आहे. बहुतेक गोंधळाच्या मुळाशी एकच गोष्ट असते. झाड, झाडाचा काढा आणि झाडातून काढलेलं शुद्ध द्रव्य या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना त्या एकच धरल्या जातात.

वर्मवुड म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

हे एका झाडाचं नाव नाही. आर्टेमिसिया हा सूर्यफुलाच्या कुळातला गण असून त्यात सुमारे ५०० जाती आहेत. युनानी वैद्यकातलं अफसंतीन म्हणजे आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. किरमाणी ओवा याच गणातला आहे, नावात ओवा असला तरी ओव्याशी त्याचं काही नातं नाही. सुगंधी दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. ढोरदवणाही याच गणातला. मलेरियाचं औषध देणारी जात मात्र आर्टेमिसिया ॲन्युआ. ती एकवर्षायू आहे, तिला चिनी भाषेत छिंगहाओ म्हणतात आणि इंग्रजीतून आलेल्या लिखाणात ती ‘गोड वर्मवुड’ म्हणून भेटते. पुढे नुसतं ‘ॲन्युआ’ म्हटलं की ही जात समजावी. जात बदलली की रसायन बदलतं, म्हणून एका जातीचे गुण दुसरीला चिकटवता येत नाहीत.

रानात ती ओळखायची कशी?

ॲन्युआ मूळची समशीतोष्ण आशियातली. आता युरोप-अमेरिकेतही पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला आणि नदीकाठच्या गाळात ती आपोआप उगवते. एकच सरळ खोड असतं, उंची दीड-दोन मीटरपर्यंत जाते, आणि पानं नेच्यासारखी बारीक चिरलेली, हिरवीगार असतात. फुलं म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे पिवळसर, खाली मान घातलेले गोंडे. पान चुरगाळलं की कापराकडे झुकणारा गोडसर वास येतो. अफसंतीन यापेक्षा वेगळं दिसतं. ते बहुवर्षायू असून बुंध्याशी काष्ठमय होतं आणि त्याच्या पानांवर रेशमी लव असल्यामुळे झुडूप रुपेरी-करडं दिसतं. ढोरदवण्याचं पान वरून गडद हिरवं आणि खालून पांढरं असतं.

खरा धोका गाजरगवताचा. कोवळेपणी त्याची पानं आर्टेमिसियासारखीच चिरलेली दिसतात आणि दोन्ही एकाच कुळातली आहेत. गाजरगवतातलं पार्थेनिन अंगावर चट्टे उठवतं. वासावरून फरक कळतो, पण नुसत्या फोटोवरून ओळख पटवून पाला तोडायला जाऊ नका.

औषधी द्रव्य झाडात कुठे असतं?

पानांवर आणि फुलांच्या गोंड्यांवर. झाडाच्या मुळांत नसतं आणि खोडात नगण्य असतं. पान भिंगाखाली धरलं तर पृष्ठभागावर चमकणारे बारीक फुगे दिसतात. हे ग्रंथिरोम, म्हणजे द्रव्य स्रवणारे सूक्ष्म केस, प्रत्येकी दहा पेशींचे. आर्टेमिसिनिन, म्हणजे मलेरियावरचं ते औषधी द्रव्य, यांच्यातच तयार होतं आणि पेशींच्या बाहेर, वरच्या पातळ आवरणाखालच्या पोकळीत साठतं. झाडाने ते बाहेर ठेवण्याला कारण आहे. हे द्रव्य वनस्पतींनाही विषारी असून शेजारच्या रोपांची वाढ ते रोखू शकतं. स्वतःच्या पेशींत भरून ठेवलं असतं तर झाड आधी स्वतःच मेलं असतं.

प्रमाण फार कमी असतं. रानटी झाडांच्या वाळलेल्या पानांत ते शेकडा ०.०१ इतकं कमी असू शकतं, तर निवडून वाढवलेल्या वाणांत शेकडा १ च्या वर जातं. म्हणजे एकाच जातीच्या दोन झाडांत शंभरपट फरक पडू शकतो. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलावर येतं. फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोरा सुरू होताना द्रव्य सर्वाधिक असतं आणि नंतर घसरतं. कापणीची वेळ शेतकरी त्यावरूनच ठरवतात.

आर्टेमिसिनिन हे रसायन म्हणून काय आहे?

सेस्क्विटर्पीन लॅक्टोन, म्हणजे १५ कार्बन अणूंच्या सांगाड्यात ऑक्सिजन असलेलं कडं जुळलेला वनस्पतिजन्य रेणू. १५ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन अणूंचा रेणू, रेणुभार सुमारे २८२. पांढरे, सुईसारखे स्फटिक असतात आणि ते १५६-१५७ अंश सेल्सिअसला वितळतात. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातही फारसं नाही. ही अडचण पुढे वारंवार आड येणार आहे.

रेणूत नायट्रोजनचा एकही अणू नाही. क्विनिनपासून क्लोरोक्विनपर्यंत आधीच्या मलेरियाच्या मुख्य औषधांत नायट्रोजन असायचाच, त्यामुळे हा रेणू त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना परकाच वाटला. सगळा जोर आहे तो एका जोडणीवर. दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना बांधलेले असून ते रेणूच्या सात अणूंच्या कड्यात पुलासारखे बसले आहेत. याला एंडोपेरॉक्साइड पूल म्हणतात. पेरॉक्साइडं साधारणपणे अस्थिर असतात, काही तर स्फोटकही. इथे मात्र तोच बंध कड्यांच्या चौकटीत असा अडकला आहे की स्फटिक वितळेपर्यंत टिकतो. पुलातला एक ऑक्सिजन काढून टाकला की उरतं ते डीऑक्सिआर्टेमिसिनिन. दिसायला जवळजवळ तेच, पण परजीवीवर निष्प्रभ.

झाड ते तयार कसं करतं?

सुरुवात सगळ्या वनस्पतींत असणाऱ्या एका साध्या कच्च्या मालापासून होते, त्याचं नाव फार्नेसिल पायरोफॉस्फेट. ॲन्युआतलं एक विकर (एन्झाइम) त्याला वळवून ॲमॉर्फाडाइन बनवतं, आणि पुढची विकरं ऑक्सिजन जोडत त्याचं डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल करतात. इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच. शेवटच्या पायरीला मात्र विकर लागतच नाही असं दिसतं. प्रकाशाच्या मदतीने सक्रिय झालेला ऑक्सिजन त्या आम्लाशी आपसूक भिडतो आणि पूल जुळून येतो. पान सुकत असतानाही हे चालू राहतं, त्यामुळे ताज्या पानापेक्षा नीट सुकवलेल्या पानात कधीकधी आर्टेमिसिनिन जास्त मिळतं. ‘वनस्पती ताजीच वापरावी’ हा नियम इथे लागू होत नाही.

मग हा पाला कडू लागतो तो आर्टेमिसिनिनमुळेच ना?

नाही, कडूपणावरून औषधाचं प्रमाण ठरवू नका. गणातला सर्वांत कडू म्हणजे अफसंतीन. त्यातलं ॲब्सिंथिन हे दोन रेणू जोडून झालेलं लॅक्टोन असून जिभेवरच्या कडू चवीच्या ग्राहींना फार कमी मात्रेत जागं करतं. युरोपीय औषधसंहितेच्या निकषानुसार अफसंतीनाचा १ ग्रॅम पाला १० लिटर पाण्यात उतरवला तरी ते पाणी कडू लागलं पाहिजे. एवढ्या कडू झाडात आर्टेमिसिनिन मात्र नसल्यातच जमा. ‘कडू आहे म्हणजे तापावर चालेल’ हा तर्क इथे पार कोसळतो.

शोध कसा लागला?

व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामच्या सैन्याला मलेरियाने ग्रासलं होतं आणि क्लोरोक्विनला परजीवी दाद देईनासे झाले होते. त्यांच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त मोहीम सुरू केली. तारखेवरून तिचं नाव पडलं प्रकल्प ५२३. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतल्या तू यूयू यांच्याकडे वनौषधी तपासण्याचं काम आलं. त्यांच्या गटाने २००० हून अधिक जुने पाठ गोळा केले, त्यांतले ६४० विचारात घेतले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क मलेरिया झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहाओचा अर्क कधी चांगला ठरे, कधी अगदीच फुसका.

तू यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने तापावर लिहिलं होतं: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नाही. आयुर्वेदाच्या परिभाषेत हा क्वाथ, म्हणजे उकळलेला काढा, नव्हे; थंड पाण्यात भिजवून केलेल्या ‘हिमा’च्या जवळची ही कृती. उष्णतेने काहीतरी बिघडत असावं असा अंदाज बांधून त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारं ईथर द्रावक म्हणून घेतलं. मिळालेल्या अर्काचे आम्लधर्मी आणि उदासीन असे दोन भाग केले. आम्लधर्मी भाग विषारी आणि निरुपयोगी होता. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी उदासीन भागाच्या १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले परजीवी शंभर टक्के साफ केले. पुढच्या वर्षी तू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला, मग हैनान बेटावरच्या रुग्णांना दिला. शुद्ध स्फटिकही १९७२ मध्येच हाती आले. रेणूची रचना क्ष-किरणांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात उलगडली आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांच्याबरोबर तू यूयू यांना मिळालं.

ही गोष्ट ‘प्राचीन ग्रंथांत सगळं होतंच’ हे सिद्ध करायला फार वापरली जाते. मला ती उलट वाटते. ग्रंथाने दिशा दाखवली, पण शेकडो अर्क निष्फळ ठरल्यावर नेमका कोणता भाग, कोणतं द्रावक आणि कोणती मात्रा हे प्रयोगशाळेतच ठरलं.

परजीवीच्या आत नेमकं काय घडतं?

मलेरियाचा परजीवी लाल रक्तपेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून हीम, म्हणजे लोह धरून बसलेला भाग, मोकळा होतो. आर्टेमिसिनिन या लोहाच्या संपर्कात आलं की ऑक्सिजनचा पूल तुटतो आणि अतिक्रियाशील मूलकं तयार होतात. ती आसपासच्या प्रथिनांना आणि खुद्द हीमलाही चिकटून त्यांची कामं बंद पाडतात. एकाच जागी नेमका घाव घालणारं हे औषध नाही. ते एकाच वेळी डझनावारी प्रथिनांची मोडतोड करतं. जिथे मोकळं लोह भरपूर तिथेच ते पेटत असल्याने निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात.

परिणामाचा वेग हा त्याचा खरा गुण. परजीवीच्या ४८ तासांच्या एका चक्रात त्यांची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटते. शिवाय रक्तपेशीत नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या अवस्थांवरही ते चालतं. दोष असा की ते शरीरात टिकत नाही. एक-दोन तासांत निम्मं नाहीसं होतं आणि उरलेसुरले परजीवी पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून आजचा उपचार जोडीचा असतो. आर्टेमिसिनिनचं अपत्य, म्हणजे त्यापासून बनवलेलं औषध, झटपट फडशा पाडतं आणि दिवसेंदिवस टिकणारं दुसरं औषध मागे उरलेल्यांचा समाचार घेतं. या जोडऔषधांना एसीटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून त्यांचीच शिफारस करते आणि २००६ मध्ये तिने एकट्या आर्टेमिसिनिनच्या तोंडी गोळ्या विकणं थांबवायला उत्पादकांना सांगितलं.

आर्टेसुनेट, आर्टेमेथर, आर्टीईथर ही वेगळी औषधं आहेत का?

सगळी एकाच रेणूची रूपं. आर्टेमिसिनिनच्या लॅक्टोन भागाला हायड्रोजन जोडून डायहायड्रोआर्टेमिसिनिन बनवतात, आणि त्याला निरनिराळे गट जोडले की ही नावं मिळतात. पूल सगळ्यांत तसाच राहतो. आर्टेमेथर आणि आर्टीईथर तेलात विरघळतात. आर्टीईथरचं इंजेक्शन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलं. आर्टेसुनेटचा क्षार पाण्यात विरघळतो, त्यामुळे ते शिरेतून देता येतं, आणि गंभीर मलेरियात इथेच सगळा फरक पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनिन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. २०१० ची आफ्रिकेतली चाचणी ५,४२५ मुलांवर झाली. तिथे मृत्यूचं प्रमाण १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. त्यानंतर गंभीर मलेरियात क्विनिनची जागा आर्टेसुनेटने घेतली.

ॲन्युआच्या पानांचा चहा पिऊन मलेरिया बरा होतो का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही: मलेरियावर त्या चहाच्या भरवशावर राहू नका.

आधी हिशेब पाहू. चांगल्या वाणाचा ९ ग्रॅम वाळलेला पाला १ लिटर उकळत्या पाण्यात टाकून केलेल्या चहात सुमारे ९५ मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन मोजलं गेलं आहे. शुद्ध आर्टेमिसिनिनची दिवसाची नेहमीची मात्रा धरली तर हा जेमतेम पाचवा हिस्सा. तोही चांगल्या वाणाचा. रानातल्या एखाद्या झाडात त्याच्या शतांश असू शकतं, आणि पाल्याकडे बघून ते कळण्याचा काही मार्ग नाही. चहा करण्याची तऱ्हा, पाणी किती गरम, किती वेळ ठेवलं, पिळलं की नाही, या सगळ्याने आकडा हलतो.

मग लोकांना बरं वाटतं ते का? कारण बरं वाटतंच. थोड्या मात्रेनेही परजीवींची संख्या झपाट्याने घसरते आणि ताप उतरतो. रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चहा घेतलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तातून आठवड्याभरात परजीवी दिसेनासे झाले, पण पुढच्या आठवड्यांत पुष्कळांत ते परतले. ताप उतरणं आणि आजार बरा होणं यांत हे अंतर आहे. फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीच्या मलेरियात, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर विशेषच, हा वाया गेलेला वेळ जीवावर बेतू शकतो. शिवाय अपुऱ्या मात्रेला तोंड देऊन वाचलेले परजीवी पुढच्या माणसाकडे जातात. जागतिक आरोग्य संघटना पाला, चहा किंवा पाल्याच्या कॅप्सूल या कोणत्याही रूपाचं समर्थन करत नाही. २०१२ मध्ये तिने हे जाहीर केलं आणि २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

प्रतिबंधासाठी रोज थोडा चहा घेतला तर?

त्याचाही उपयोग नाही. काही तासांत शरीरातून निघून जाणारं द्रव्य प्रतिबंधक म्हणून टिकणार कसं? त्यातून आर्टेमिसिनिन यकृतातली अशी विकरं वाढवतं जी त्याचाच नाश करतात, त्यामुळे रोज घेत गेलं की रक्तातली पातळी खालावते.

पण पानात इतर घटकही असतात. ते मदत करत नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि चहाचे समर्थक बोलतात त्यातला सर्वांत अभ्यासण्याजोगा मुद्दाही हाच. ॲन्युआत कॅस्टिसिन, आर्टेमेटिन, क्रायसोस्प्लेनेटिन असे मेथिल गट जोडलेले फ्लॅव्होनॉइड, स्कोपोलेटिनसारखी कूमरिनं आणि बाष्पशील तेल असतं. तेलात कापूर, १,८-सिनिओल, आर्टेमिसिया कीटोन हे मुख्य. प्रयोगशाळेतल्या परजीवींवर कॅस्टिसिनसारख्या घटकांनी आर्टेमिसिनिनचा परिणाम वाढलेला दिसला. उंदरांना पाल्याची पूड दिली तेव्हा तेवढंच शुद्ध आर्टेमिसिनिन दिल्यापेक्षा रक्तातली पातळी जास्त आढळली. म्हणजे मुद्दा पोकळ नाही. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट मोठ्या, काटेकोर चाचण्यांतूनच जाते, आणि त्या झाल्याशिवाय पुडी भरून विकणं ही घाई आहे.

परजीवी या औषधालाही दाद देईनासे झालेत हे खरं का?

अंशतः. २००८-०९ च्या सुमारास कंबोडिया-थायलंड सीमेवरून बातम्या आल्या की परजीवी साफ व्हायला जास्त वेळ लागतो आहे. २०१४ मध्ये कारण सापडलं: केल्च-१३ या जनुकातले बदल. असे बदल झालेला परजीवी कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतो, त्यामुळे मोकळं हीम कमी आणि औषध पेटायला लोहच कमी. औषधाशी लढण्याऐवजी खाणंच कमी करायचं, अशी ही चलाखी. आता रवांडा, युगांडा, टांझानिया आणि एरिट्रियातही असे बदल आढळले आहेत. जोडीतलं दुसरं औषध चालतं तोवर रुग्ण बरे होतात. ते चालेनासं झालं की पेच येतो, म्हणून तीन औषधं एकत्र देण्याच्या चाचण्या चालू आहेत.

कर्करोगावर उपयोग होतो का?

काचेच्या थाळीत होतो. वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशी भरपूर लोह ओढून घेतात, त्यामुळे तोच लोह-पेरॉक्साइडचा खेळ तिथे रंगतो आणि शेकडो शोधनिबंधांत पेशी मेल्याचं दिसतं. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या आणि लहान. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आर्टेसुनेट देऊन पाहिलेली एक चाचणी अवघ्या २३ रुग्णांची होती. त्यावरून चालू उपचार सोडणं म्हणजे स्वतःचं नुकसान. काही रुग्ण केमोच्या जोडीने आर्टेमिसिनिनच्या कॅप्सूल गुपचूप घेतात. घेत असाल तर निदान तुमच्या डॉक्टरांना सांगा, कारण या द्रव्याने यकृतातली विकरं बदलतात आणि इतर औषधांच्या मात्रा चुकतात.

कोविडवर?

२०२० मध्ये मादागास्करने आर्टेमिसियाचं पेय वाजतगाजत आणलं. त्याने कोविड बरा होतो हे सिद्ध झालं नाही.

आणखी कशावर संशोधन चालू आहे?

सर्वांत अनपेक्षित धागा पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्टेमिसिनिनची अपत्यं अंडाशयात पुरुषी संप्रेरक तयार करणारं एक विकर मोडीत काढतात असं दिसलं. १९ स्त्रियांना डायहायड्रोआर्टेमिसिनिन दिल्यावर त्यांच्या संप्रेरकाची पातळी घटली आणि पाळी नियमित होण्याकडे कल दिसला. संख्या लहान आहे, तुलनेचा गटही नव्हता. पुढच्या चाचण्यांकडे लक्ष ठेवण्याजोगा विषय, स्वतःवर करून पाहण्याजोगा नव्हे.

वर्मवुडने भास होतात असं ऐकलं आहे. खरं काय?

ही ख्याती अफसंतीनाची, ॲन्युआची नव्हे, आणि तिच्यामागे थुजोन नावाचा तेलातला घटक आहे. थुजोन मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या संदेशवाहकाच्या ग्राहींना अडवतं. हे २००० मध्ये दाखवलं गेलं. परिणामी जास्त मात्रेत आकडी येते. भास मात्र होत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अफसंतीन घातलेलं ॲब्सिंथ हे मद्य वेड लावतं असा बोभाटा झाला आणि स्वित्झर्लंडने १९१० मध्ये, अमेरिकेने १९१२ मध्ये, फ्रान्सने १९१५ मध्ये त्यावर बंदी घातली. बंदीपूर्वीच्या जपून ठेवलेल्या १३ बाटल्या २००८ मध्ये तपासल्या तेव्हा थुजोन लिटरला ०.५ ते ४८ मिलिग्रॅमच निघालं. आज युरोपीय संघात अशा मद्यांसाठी किलोला ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे जुन्या कित्येक बाटल्या आजही नियमात बसतील. त्या काळच्या वेडामागे थुजोनपेक्षा कडक दारूचाच हात जास्त होता.

मग तेल घ्यायला हरकत नाही?

हरकत आहे, आणि मोठी आहे. काढा आणि ऊर्ध्वपातित तेल यांत एकवटलेपणाचा प्रचंड फरक असतो. १९९७ मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या एका प्रसंगात ३१ वर्षांच्या माणसाने इंटरनेटवरून मागवलेलं सुमारे १० मिलिलिटर वर्मवुड तेल ॲब्सिंथ समजून प्यायलं. त्याला आकड्या आल्या, स्नायू विरघळू लागले आणि मूत्रपिंडं बंद पडली. उपचारांनी तो वाचला. हे तेल पोटात घ्यायचं नाही, एक थेंबही नाही. जाता जाता एक गंमत: ऊर्ध्वपातनात अफसंतीनाचं तेल निळं येतं. पानात निळं काही नसतं. आर्टॅब्सिन हा बिनरंगी घटक वाफेच्या उष्णतेने मोडून गर्द निळं कॅमाझुलीन बनतं.

भूक आणि पचनासाठी अफसंतीन घेतात, त्यात तथ्य आहे का?

आहे, मर्यादेत. कडू चवीने लाळ आणि जठररस सुटतात. युरोपीय औषध संस्थेने अफसंतीनाला तात्पुरती भूक न लागणं आणि सौम्य अपचन यांसाठी ‘पारंपरिक वापर’ म्हणून मान्यता दिली आहे, म्हणजे ती मोठ्या चाचण्यांच्या जोरावर नाही. प्रौढांनीच, फांट म्हणून, म्हणजे पाला गरम पाण्यात भिजवून, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त सलग नाही. पाण्यात थुजोन कमी उतरतं, म्हणून मद्यार्कातल्या अर्कापेक्षा फांट बरा. पित्ताचे खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल तर घेऊ नये.

जंतांवर?

इंग्रजी नावातच जंत आहे आणि एके काळी हे औषध खरोखर चाले. किरमाणी ओव्याच्या न उमललेल्या कळ्यांतून मिळणारं सँटोनिन १८३० मध्ये वेगळं झालं आणि शंभरेक वर्षं गोल जंतांवर जगभर वापरात राहिलं. घेतल्यावर रुग्णाला सगळं पिवळं दिसे, मात्रा चुकली तर आकड्याही येत. सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडलं ते बरंच झालं. त्याचे स्फटिक उन्हात ठेवले की पिवळे पडून तडातड फुटतात. प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ही मोडते.

कोणी दूर राहावं?

अपस्मार असलेल्यांनी अफसंतीन आणि थुजोन असलेलं काहीही टाळावं. कॅप्सूल, पाला, काढा या रूपांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कोणतीच जात घेऊ नये. प्राण्यांत आर्टेमिसिनिन सुरुवातीच्या गर्भाला घातक ठरलं आहे. इथे एक गल्लत होते, ती टाळा. गरोदरपणातला मलेरिया स्वतःच फार घातक असतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं आर्टेमेथर-लुमेफँट्रिन हे जोडऔषध नाकारू नये. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तीन महिन्यांतही त्याचीच शिफारस करते. एचआयव्हीच्या काही औषधांशी आर्टेमिसिनिनचा संबंध गुंतागुंतीचा आहे. आर्टेमिसिनिनच्या पूरक गोळ्यांनंतर यकृतदाह झाल्याची नोंद २००८ मध्ये अमेरिकेत झाली. शिरेतून आर्टेसुनेट घेतलेल्या काही रुग्णांत एक ते चार आठवड्यांनी लाल पेशी फुटून रक्त कमी होतं, म्हणून त्यांनी बरं वाटलं तरी रक्ततपासणी चुकवू नये.

प्रयोगशाळेत बनवता येत असेल तर अजून शेती कशाला?

बनवता येतं. अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीस्लिंग यांच्या गटाने ॲन्युआची जनुकं यीस्टमध्ये घातली आणि २००६ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिक आम्ल काढलं. २०१३ पर्यंत उत्पादन लिटरला २५ ग्रॅमवर गेलं. सानोफी कंपनीने इटलीत कारखाना चालवून ते आम्ल प्रकाश आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने आर्टेमिसिनिनमध्ये बदललं, म्हणजे पानात घडतं तेच टाकीत घडवलं. विज्ञान जिंकलं, पण बाजारात शेतातला पाला स्वस्त पडला. आजही बहुतेक आर्टेमिसिनिन शेतातूनच येतं.

ॲलर्जी होते का?

होते. आर्टेमिसियाची फुलं वाऱ्यावर पराग सोडतात आणि ढोरदवण्यासारख्या जातींचे पराग युरोपात उन्हाळ्याच्या शेवटी शिंका, वाहतं नाक, दमा यांचं मोठं कारण ठरतात. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना सेलरी, गाजर किंवा काही मसाले खाल्ल्यावर ओठ-घसा खाजतो, कारण त्यांतली प्रथिनं सारखी आहेत. शेवंती, कॅमोमाइल, गाजरगवत यांनी त्रास होत असेल तर वर्मवुडच्या पाल्याला हात लावतानाही मोजे घाला, आणि फुलोऱ्यावर आलेलं झाड घरात वाळत टाकू नका.